कर, चहा आणि क्वेबेकचा कायदा

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की शालेय इतिहासातील एक चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. बोस्टनच्या बंदरात रात्रीच्या वेळी, मोहॉक जमातीचा वेष केलेले काही लोक जहाजावरील चहाच्या पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या करीत आहेत! चित्र खरे आहे. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरील ३४० च्या आसपास पेट्या खाडीच्या पाण्यात गेल्या. मात्र या चित्राने एक गैरसमजही रूढ केला आहे. चहा महाग झाला म्हणून अमेरिकन लोक चिडले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट होती. त्या वर्षीच्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता. स्वस्त चहा लोकांनी का नाकारला, हे उमजले म्हणजे अमेरिकन क्रांतीचे अर्धे मर्म हाती लागते. उरलेले अर्धे पुढच्या वर्षी, म्हणजे १७७४ साली, झालेल्या दुसऱ्या एका कायद्यापाशी सापडते. त्या कायद्याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत ओझरता येतो. कॅथलिक वाचकांना मात्र तो मुळातून समजून घ्यावासा वाटेल, अशी आमची समजूत आहे.

प्रथम कराचा प्रश्न घेऊ. अठराव्या शतकाच्या मध्याला अटलांटिकच्या किनाऱ्यावर ब्रिटनच्या तेरा वसाहती होत्या. प्रत्येकीचा गव्हर्नर वेगळा, विधिमंडळ वेगळे आणि पुष्कळदा पंथही वेगळा. न्यू इंग्लंडात प्युरिटन परंपरेचे वर्चस्व, पेन्सिल्व्हेनियात क्वेकरांचा प्रभाव, व्हर्जिनियात अँग्लिकन चर्चला राजमान्यता. या सर्वांना एकत्र बांधणारे पहिले सूत्र म्हणजे लंडनचा राजा. दुसरे सूत्र होते रोमविषयीचा संशय. अमेरिकन ग्रंथकार त्याची वाच्यता जरा संकोचानेच करतात. उत्तरेस कॅनडात फ्रेंच कॅथलिकांची वसाहत होती आणि फ्रान्सशी युद्धाचे प्रसंग वारंवार येत. त्यामुळे ‘कॅथलिक’ आणि ‘शत्रू’ हे शब्द सामान्य वसाहतवाल्याच्या मनात शेजारी शेजारी बसलेले होते. बोस्टनमध्ये दरवर्षी ५ नोव्हेंबरला ‘पोप दिन’ साजरा होई. पोपमहाशयांचा पुतळा गाडीवरून मिरवीत नेऊन रात्री जाळण्यात येई, आणि पोरेटोरे घरोघर हिंडून त्यासाठी पैसे मागत.

१७५४ ते १७६३ या काळात ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात अमेरिकेच्या भूमीवर निर्णायक झुंज झाली. युरोपात ती ‘सप्तवार्षिक युद्ध’ म्हणून ओळखली जाते. फ्रान्स हरला. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने कॅनडा ब्रिटनच्या ताब्यात आला आणि साठ-सत्तर हजार फ्रेंच कॅथलिक एका प्रोटेस्टंट राजाचे प्रजाजन झाले. विजय मोठा होता, पण त्याची किंमतही मोठी होती. ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुपटीवर गेले. शिवाय नव्या प्रदेशाच्या रक्षणासाठी अमेरिकेत सुमारे दहा हजार सैन्य ठेवण्याचे ठरले. हा खर्च कोणी सोसायचा? ज्यांच्या रक्षणासाठी युद्ध झाले त्यांनी त्यातला काही वाटा उचलावा, असे लंडनच्या मंत्र्यांना वाटले. न्यायाने पाहता ही अपेक्षा अवाजवी नव्हती, हे आम्ही येथेच नमूद करतो. इंग्लंडमधील सामान्य माणूस अमेरिकेतील माणसाहून कितीतरी अधिक कर भरीत होता.

घोडे अडले ते दुसऱ्याच ठिकाणी. १७६५ च्या मार्चमध्ये पार्लमेंटने स्टँप ॲक्ट संमत केला. न्यायालयाची कागदपत्रे, वर्तमानपत्रे, पंचांगे, एवढेच नव्हे तर पत्त्यांचे जोड आणि फासे यांवरही मुद्रांक लावणे सक्तीचे झाले. रक्कम फार नव्हती. परंतु तोवर अंतर्गत कर बसविण्याचे काम प्रत्येक वसाहतीचे स्वतःचे विधिमंडळ करीत आले होते. आता तीन हजार मैलांवरील एक सभा, जिच्यात अमेरिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता, थेट त्यांच्या खिशात हात घालू लागली. आपल्या संमतीवाचून आपली मालमत्ता कोणी घेऊ नये, हा इंग्रज माणसाचा जुना हक्क होता आणि वसाहतवाले स्वतःला इंग्रजच समजत. त्यावर मंत्र्यांचे उत्तर असे की, पार्लमेंटचा सभासद साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या शहरांनाही स्वतःचे सभासद कोठे आहेत? या युक्तिवादाने अमेरिकेतील कोणाचेही समाधान झाले नाही. मँचेस्टरच्या लोकांचे झाले असेल, असेही आम्हांस वाटत नाही!

ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यू यॉर्कला जमले. व्यापाऱ्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला, मुद्रांक विकणाऱ्या अधिकाऱ्यांना धमकावून राजीनामे द्यावयास लावले. १७६६ च्या मार्चमध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला. मात्र त्याच दिवशी दुसरा कायदा करून वसाहतींसाठी वाटेल ते कायदे करण्याचा आपला अधिकार जाहीर करून ठेवला. आग विझवली, पण निखारा राखेत जपून ठेवला. १७६७ साली काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली. पुन्हा बहिष्कार झाला, बोस्टनमध्ये सैन्य आले आणि ५ मार्च १७७० रोजी जमावावर गोळीबार होऊन पाच माणसे दगावली. त्याच वर्षी इतर जकाती रद्द झाल्या. चहावरील पौंडामागे तीन पेन्सची जकात तेवढी तत्त्वासाठी राखली गेली.

आता येथे आपल्या देशाचा संबंध येतो. १७७२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनी दिवाळे निघण्याच्या बेतात होती. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे मेली होती, कंपनीचे नोकर गबर झाले होते आणि कंपनी मात्र कर्जात बुडाली होती. लंडनच्या वखारींत दीड कोटी पौंडांहून अधिक वजनाचा चहा पडून होता. हा चहा चीनचा. भारतात चहाची लागवड अद्याप व्हावयाची होती. कंपनीला वाचविण्यासाठी १७७३ साली पार्लमेंटने दोन कायदे केले. एक भारतासाठी, तो रेग्युलेटिंग ॲक्ट. त्यानुसार वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला. दुसरा अमेरिकेसाठी, तो टी ॲक्ट. कंपनीला इंग्लंडमधील जकात माफ झाली आणि आपल्याच अडत्यांमार्फत अमेरिकेत चहा विकण्याची मुभा मिळाली. चोरट्या डच चहापेक्षाही हा चहा स्वस्त पडणार होता. परंतु तो प्याला की तीन पेन्स जकात आपोआप भरली जाणार आणि पार्लमेंटचा अधिकार मान्य केल्यासारखे होणार. हे आमिष बोस्टनने ओळखले. किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांचा धंदा बुडणार होता, हेही कारण होतेच. तत्त्व आणि तिजोरी यांची युती इतिहासात अनेकदा दिसते.

बोस्टनच्या कृत्याने पार्लमेंटचा तोल गेला. १ जून १७७४ पासून बोस्टनचे बंदर बंद करण्यात आले, मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतील लोकांचे अधिकार काढून घेण्यात आले. आणि याच सुमारास क्वेबेकचा कायदा झाला.

या कायद्याचा बोस्टनच्या शिक्षेशी काही संबंध नव्हता. कॅनडातील फ्रेंच प्रजेला शांत ठेवण्यासाठी तो अनेक वर्षे तयार होत होता. त्याने कॅथलिकांना आपल्या धर्माचे आचरण मोकळेपणी करण्याचा हक्क दिला, धर्मगुरूंना त्यांच्या लोकांकडून दशांश घेण्यास मान्यता दिली आणि सरकारी पदासाठीच्या शपथेतून प्रोटेस्टंट धर्माचा उल्लेख वगळला. खुद्द इंग्लंडमध्ये त्या काळी कॅथलिकांना यातले काहीही मिळत नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे कायद्याचे मोल कळते. परंतु त्याच कायद्याने क्वेबेकची हद्द ओहायो नदीपर्यंत वाढविली आणि तेथे निवडून आलेले विधिमंडळ ठेवले नाही. वसाहतवाल्यांना त्यात तिहेरी संकट दिसले. पश्चिमेची जमीन गेली, लोकनियुक्त सभेवाचून राज्य करण्याचा नमुना तयार झाला, आणि पाठीशी पोपची सत्ता येऊन बसली. पहिल्या दोन तक्रारींत तथ्य होते. तिसरीत केवळ भीती होती. पण लोकांना रस्त्यावर आणण्यास तीच अधिक उपयोगी पडली.

सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात पहिली काँग्रेस भरली. जॉर्जिया वगळता बारा वसाहतींचे प्रतिनिधी आले. २१ ऑक्टोबरला तिने ब्रिटनच्या जनतेला उद्देशून एक निवेदन मंजूर केले. त्याचा मसुदा न्यू यॉर्कचे तरुण वकील जॉन जे यांचा होता. ज्या धर्माने इंग्लंडच्या भूमीवर रक्त सांडले आणि जगभर छळ व बंडाळी पसरवली, तो धर्म पार्लमेंटने कॅनडात प्रस्थापित करावा याचे आश्चर्य वाटते, अशा आशयाची कडवट भाषा त्यात होती. आणि पाचच दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, याच काँग्रेसने क्वेबेकच्या लोकांना एक गोड पत्र धाडले. स्वित्झर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट प्रांत एकोप्याने नांदतात. आपणही तसेच एकत्र येऊ, धर्मभेद आड येण्याचे कारण नाही, असे त्यात म्हटले होते. आठवड्याच्या आत एकाच मुखातून निघालेली ही दोन वचने! दुर्दैवाने दोन्ही कागद क्वेबेकला पोहोचले.

त्याच महिन्यात, ९ ऑक्टोबरच्या रविवारी, काँग्रेसचे काही सभासद फिलाडेल्फियातील कॅथलिक चर्चमध्ये उपासनेस जाऊन आले. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या रोजनिशीत एका ओळीत त्याची नोंद केली. जॉन ॲडम्स यांनी मात्र पत्नीला सविस्तर पत्र लिहिले. लॅटिन प्रार्थना, जपमाळा, क्रुसावरील ख्रिस्ताचे चित्र, मेणबत्त्या, संगीत हे सारे पाहून त्यांना एकीकडे उपासकांची कीव आली आणि दुसरीकडे या विधींच्या सौंदर्याने त्यांचे मन हेलावलेही. प्रवचन त्यांना चांगले वाटले. माणूस ज्याचा द्वेष करतो त्याला त्याने पुष्कळदा पाहिलेलेच नसते.

मेरीलँड वसाहतीचा वृत्तान्त येथे थोडा विस्ताराने सांगावा लागेल. ती वसाहत १६३४ साली कॅथलिक उमराव लॉर्ड बाल्टिमोर यांच्या पुढाकाराने स्थापन झाली होती. १६४९ साली तेथील सभेने त्रैक्यावर श्रद्धा ठेवणाऱ्या सर्व ख्रिस्ती पंथीयांना धर्माचरणाची मोकळीक देणारा कायदा केला. परंतु प्रोटेस्टंटांची बहुसंख्या झाल्यावर वारे फिरले. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना जाहीरपणे मिस्सा करण्याची बंदी आली. खाजगी घरातील चॅपेलपुरती सवलत पुढे मिळाली. १७१८ साली त्यांचा मताधिकार गेला. १७५६ साली जमिनीवरील नवा कर त्यांच्यावर दुप्पट बसविण्यात आला. ज्यांना मत नाही त्यांच्यावर दुप्पट कर! संमतीवाचून कर नसावा, हे तत्त्व ज्या विधिमंडळांनी पुढे जगाला ऐकविले, त्यांतल्याच एकाची ही करणी होती.

अशा घरात १७३७ साली चार्ल्स कॅरल यांचा जन्म झाला. वडील वसाहतीतील अतिशय श्रीमंत जमीनदार, पण मुलाला कॅथलिक शिक्षण देण्याची सोय मायदेशी कायद्याने बंद. म्हणून अकरा वर्षांच्या सुमारास तो फ्रान्समध्ये सेंट ओमेर येथील येशूसंघीयांच्या शाळेत गेला. त्याच्याबरोबर दूरच्या नात्यातला जॉन कॅरल हा मुलगाही होता. चार्ल्स पुढे पॅरिस व लंडन येथे कायदा शिकले आणि १७६५ साली, स्टँप ॲक्टच्या गदारोळातच, घरी परतले. वकिली करता येत नव्हती, निवडणूक लढविता येत नव्हती. १७७० साली गव्हर्नरने विधिमंडळाला न विचारता सरकारी अधिकाऱ्यांचे शुल्क फर्मानाने ठरविले. त्याचे समर्थन डॅनिएल डुलेनी या नामवंत कायदेपंडिताने वर्तमानपत्रातून टोपणनावाने केले. त्याला ‘पहिला नागरिक’ या नावाने कोणीतरी सडेतोड उत्तर दिले. ते चार्ल्स कॅरल होते. विधिमंडळाच्या संमतीवाचून घेतलेले शुल्क म्हणजे करच होय, असा त्यांचा मुद्दा होता. वाद रंगला. लेखक कोण हे कळताच डुलेनी यांनी त्यांच्या धर्मावर घसरून, ज्याला साधे मतही देता येत नाही त्याने राज्यघटनेविषयी बोलू नये, असे सुनावले. लोकमत मात्र कॅरल यांच्या बाजूने गेले. मत नसलेला माणूस मताच्या हक्कासाठी लढत आहे, हे प्रोटेस्टंट मेरीलँडने पाहिले आणि १७७४ साली त्यांना आपल्या समितीत निवडून घेतले. कायदा तसाच होता; लोकांनीच तो बाजूला सारला.

१९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन येथे पहिल्या गोळ्या झडल्या. वॉशिंग्टन सेनापती झाले. त्या शरद ऋतूत अमेरिकन फौजा कॅनडात शिरल्या आणि माँट्रियल हाती आले. बोस्टनजवळच्या छावणीत सैनिकांनी नेहमीप्रमाणे पोप दिनाची तयारी चालविली तेव्हा ५ नोव्हेंबरच्या हुकुमात वॉशिंग्टन यांनी त्यांची कडक कानउघाडणी केली. कॅनडातील बांधवांचे साह्य मागत असताना त्यांच्या धर्माचा अपमान करणे हा मूर्खपणा असून तो मुळीच खपवून घेतला जाणार नाही, असा त्या हुकुमाचा आशय होता. अमेरिकेतील धार्मिक सहिष्णुतेचा इतिहास लिहिताना थोर तत्त्वज्ञांची नावे घेतली जातात, ते योग्यच आहे. आमच्या मते मात्र त्या इतिहासाची खरी सुरुवात छावणीतल्या या व्यवहारी हुकुमापासून धरावी. औदार्य मागून आले. गरज आधी आली.

१७७६ च्या वसंतात काँग्रेसने क्वेबेकच्या लोकांचे मन वळविण्यासाठी एक शिष्टमंडळ पाठविले. बेंजामिन फ्रँकलिन, सॅम्युएल चेस आणि चार्ल्स कॅरल हे तिघे, आणि त्यांच्यासोबत फादर जॉन कॅरल. येशूसंघ १७७३ साली रोमच्या आज्ञेने विसर्जित झाल्यावर फादर जॉन मायदेशी परतले होते. धर्मगुरूने राजकारणाच्या कामगिरीवर जाणे त्यांना मनापासून पटत नव्हते. प्रवास बर्फाळ नद्या-सरोवरांतून होता आणि फ्रँकलिन सत्तर वर्षांचे. एप्रिलअखेर मंडळी माँट्रियलला पोहोचली. तेथील धर्मगुरूंचे म्हणणे साधे होते. ब्रिटिश सरकारने आमचा धर्म राखला आहे. तुमच्या वसाहतींत आमच्या धर्मबंधूंची स्थिती काय आहे? आणि ऑक्टोबर १७७४ च्या त्या निवेदनाचे काय? क्वेबेकचे बिशप ब्रियाँ यांनी सरकारशी निष्ठा राखण्याचा आदेश आधीच दिला होता. शिवाय अमेरिकन फौजेपाशी रोकड उरली नव्हती. कागदी चलन शेतकरी घेईनात. कामगिरी फसली. परतीच्या वाटेवर आजारी फ्रँकलिनची शुश्रूषा फादर जॉन यांनी केली. ही ओळख पुढे उपयोगी पडावयाची होती.

क्वेबेक गेले आणि आजवर वेगळेच राहिले. फिलाडेल्फियातील त्या एका मसुद्याची किंमत म्हणजे कॅनडा, असे म्हटल्यास थोडी अतिशयोक्ती होईल, फार नाही.

पुढचा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेन यांच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने राजाविषयीची उरलीसुरली भक्ती उतरविली. २ जुलैला काँग्रेसने स्वातंत्र्याचा ठराव केला आणि ४ जुलैला जेफर्सन यांनी लिहिलेला जाहीरनामा स्वीकारला. त्याच दिवशी मेरीलँडने चार्ल्स कॅरल यांना काँग्रेसवर निवडले आणि २ ऑगस्टला त्यांनी जाहीरनाम्यावर सही केली. ५६ सह्यांमध्ये कॅथलिक माणसाची ती एकच. जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची जी यादी आहे, तिच्यात क्वेबेकचा कायदाही आहे. परंतु आता भाषा पाहावी. शेजारच्या प्रांतात इंग्रजी कायद्याची मुक्त पद्धती मोडून अनियंत्रित राज्य आणले आणि हद्दी वाढविल्या, एवढेच म्हटले आहे. धर्माचा उल्लेख नाही. पावणेदोन वर्षांत हा फरक पडला होता.

सॅराटोगाच्या विजयानंतर फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी तह केला. ज्या कॅथलिक राजाची भीती घालून मुले झोपवावीत, त्याचेच आरमार आणि सैन्य आता तारणहार ठरले. ४ जुलै १७७९ रोजी फिलाडेल्फियाच्या सेंट मेरीज चर्चमध्ये फ्रेंच वकिलाने आभारविधी करविला, त्याला काँग्रेसच्या सभासदांना निमंत्रण होते. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे जनरल कॉर्नवॉलिस शरण आला, तोही फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडविल्यामुळे. हाच कॉर्नवॉलिस पुढे १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला. त्या काळी इंग्रज अमेरिकेप्रमाणे येथेही लढत होते. १७७७ साली सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला, तेव्हा मराठे आणि फ्रेंच एक होतील या धास्तीने मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडार्डने वसईचा किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. यॉर्कटाउनच्या तोफा आणि वसईच्या तोफा एकाच तिजोरीवर पोसल्या जात होत्या.

१७८३ च्या तहाने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य झाले. पण राज्य कसे चालवायचे? युद्धकाळात तेरा राज्यांनी एक संघकरार केला होता. तो सर्वांत शेवटी मेरीलँडने मान्य केला आणि मार्च १७८१ पासून तो अमलात आला. त्यावर मेरीलँडतर्फे सही करणाऱ्यांत फादर जॉन यांचे वडीलबंधू डॅनिएल कॅरल हे होते. कराच्या जाचातून सुटलेल्या या लोकांनी आपल्या मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकारच दिला नाही! ती राज्यांकडे पैसे मागे आणि राज्ये कानांवर हात ठेवीत. आयात मालावर पाच टक्के जकात घेण्याची सूचना आली, ती ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने एकट्याने अडविली, कारण करारात बदल करण्यास तेराही राज्यांची संमती हवी होती. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी काँग्रेसला घेराव घातला आणि तिला फिलाडेल्फिया सोडून जावे लागले. १७८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनिएल शेज याच्या नेतृत्वाखाली न्यायालये बंद पाडली. त्यांतले कित्येक जुने सैनिक होते. जमिनी लिलावात जात होत्या. कर वसूल करणारे सरकार आता परके नव्हते, एवढाच फरक.

मे ते सप्टेंबर १७८७ या काळात फिलाडेल्फियात बसून ५५ प्रतिनिधींनी नवी राज्यघटना तयार केली. केंद्राला कर बसविण्याचा अधिकार मिळाला. परंतु महसुलाची विधेयके लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहातच प्रथम मांडली जावीत, असे बंधन घालण्यात आले. १७६५ च्या प्रश्नाचे ते उत्तर होते. लहान-मोठ्या राज्यांचे भांडण दोन सभागृहे करून मिटविले गेले. गुलामांच्या प्रश्नावर मात्र घटनाकारांनी सौदा केला. ज्यांना कोणताही हक्क नव्हता अशा पाच गुलामांची गणना तीन माणसांप्रमाणे करून त्या बळावर मालकांच्या राज्यांना जादा जागा देण्यात आल्या. संमतीच्या तत्त्वाची याहून क्रूर थट्टा आम्हांस दुसरीकडे आढळली नाही.

घटनेच्या सहाव्या अनुच्छेदात एक छोटे वाक्य आले. संयुक्त संस्थानांच्या कोणत्याही पदासाठी धर्माची कसोटी कधीही लावली जाणार नाही, असा त्याचा अर्थ. ३९ सह्यांमध्ये दोन कॅथलिकांच्या होत्या, डॅनिएल कॅरल आणि पेन्सिल्व्हेनियाचे थॉमस फिट्झसिमन्स. हे वाक्य सर्वांच्या पचनी पडले असे नव्हे. नॉर्थ कॅरोलायनाच्या सभेत १७८८ साली, अशाने उद्या खुद्द पोपही राष्ट्राध्यक्ष होईल, या शंकेला गांभीर्याने उत्तर द्यावे लागले. १७९१ साली घटनेला पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. त्यांतील पहिलीने केंद्राला राजधर्म स्थापण्यास आणि धर्माचरणात आडकाठी आणण्यास मनाई केली. काँग्रेसमध्ये तिच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॅनिएल कॅरल होते. फादर जॉन १७८४ साली अमेरिकन मिशनचे प्रमुख झाले होते, त्यामागे फ्रँकलिनची शिफारस होती. १७८५ साली त्यांनी रोमला कळविलेल्या आकड्यांनुसार मेरीलँडमध्ये सुमारे १५,८०० आणि पेन्सिल्व्हेनियात सुमारे ७,००० कॅथलिक होते, आणि दोन्हींत मिळून धर्मगुरू अवघे २४. १७८९ साली ते बाल्टिमोरचे बिशप, देशाचे पहिले बिशप, म्हणून नेमले गेले. तत्पूर्वी तेथील धर्मगुरूंनीच मतदान करून त्यांची निवड केली होती. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन यांनी कॅथलिकांच्या अभिनंदनपत्राला उत्तर देताना, क्रांतीत त्यांनी उचललेला वाटा आणि एका कॅथलिक राष्ट्राने केलेले साह्य देशबांधव विसरणार नाहीत, अशी आशा व्यक्त केली.

देशबांधव पुष्कळदा विसरले. केंद्राचे बंधन राज्यांना लागू नव्हते. जॉन जे यांच्या न्यू यॉर्कमध्ये परदेशी कॅथलिकाला नागरिक होताना धार्मिक बाबतीतही परकीय सत्तेची निष्ठा नाकारावी लागे. नॉर्थ कॅरोलायनात १८३५ पर्यंत, न्यू जर्सीत १८४४ पर्यंत कॅथलिकांना पदांची दारे कायद्याने बंद होती. आणि मेरीलँडने १७७६ च्या आपल्या घटनेत कॅथलिकांना समान हक्क दिले, तेव्हा ते ‘ख्रिस्ती धर्म मानणाऱ्यांना’ दिले होते. ती घटना लिहिणाऱ्यांत चार्ल्स कॅरल हेही होते. तेथील ज्यू नागरिकांना सरकारी पद मिळण्यासाठी १८२६ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी ४ जुलैला जेफर्सन आणि ॲडम्स दोघेही वारले आणि सही करणाऱ्यांपैकी एकटे कॅरल मागे राहिले.

१४ नोव्हेंबर १८३२ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते निवर्तले. त्यांचे दफन त्यांच्या मळ्यावरील घरच्या चॅपेलमध्ये झाले. जाहीर चर्च बांधण्याची मनाई असताना मिस्सा होत असे, ते हेच चॅपेल. त्यांच्या जमिनींवर शेकडो गुलाम राबत होते. मेरीलँडच्या येशूसंघीयांचेही मळे गुलामांच्या श्रमांवर चालत. १८३८ साली संघाने कर्ज फेडण्यासाठी २७२ माणसे दक्षिणेकडे विकली. त्यांतील बहुतेक बाप्तिस्मा झालेले कॅथलिक होते.